नारू गेला, जंत राहिले : कृमिरोग निर्मूलनाचे अर्थशास्त्र

विकासाचा विचार करताना सिंचनाखालील क्षेत्र, विजेचे उत्पादन, रस्त्यांची लांबी आणि दरडोई उत्पन्न यांचे आकडे प्रामुख्याने पुढे येतात. मनुष्याच्या शरीरात राहून त्याच्या अन्नात, रक्तात आणि पर्यायाने त्याच्या श्रमशक्तीत वाटा घेणारे परजीवी कृमी मात्र नियोजनाच्या चर्चेत क्वचितच स्थान मिळवतात. वस्तुतः दारिद्र्य आणि कृमिरोग यांचे नाते इतके निकटचे आहे, की एकाचा नकाशा दुसऱ्यावर ठेवल्यास दोहोंच्या सीमा बऱ्याच अंशी जुळतात.

या दृष्टीने राजस्थान या एकाच राज्यातील दोन घटना अभ्यासण्याजोग्या आहेत. जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात भारतातील नारूच्या अखेरच्या रुग्णाची नोंद झाली आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त देश म्हणून प्रमाणित केले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री जे. पी. नड्डा यांच्या हस्ते जयपूर येथे ‘राष्ट्रीय जंतनाशक दिना’च्या उपक्रमाचा प्रारंभ झाला. पहिली घटना एका कृमीच्या समाप्तीची, तर दुसरी इतर कृमींविरुद्धच्या मोहिमेच्या आरंभाची. पहिल्या लढ्यात औषध नव्हते, तरी रोग समूळ गेला. दुसऱ्या लढ्यात प्रभावी व स्वस्त औषध आहे, तरी रोग पुन्हा पुन्हा परततो. असे का घडते, याचा उलगडा प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न आहे.

कृमीचे जीवनचक्र

परजीवी कृमी ज्या प्राण्याच्या शरीरात वाढतो, त्यास ‘यजमान’ म्हणतात. काही कृमींना आपले जीवनचक्र पूर्ण करण्यासाठी एकच यजमान पुरतो, तर काहींना अळीच्या अवस्थेत दुसऱ्या प्राण्याचा आश्रय घ्यावा लागतो. या दुसऱ्या प्राण्यास ‘मध्यस्थ यजमान’ अशी संज्ञा आहे. विषाणू व जीवाणू शरीरात शिरल्यावर झपाट्याने वाढतात. बहुतेक कृमी मात्र मानवी शरीरात आपली संख्या वाढवीत नाहीत. त्यांची अंडी वा अळ्या शरीराबाहेर पडून, पाण्यात वा मातीत ठरावीक काळ काढूनच पुढील यजमानापर्यंत पोहोचतात. म्हणूनच शरीराबाहेरील हा प्रवास ही कृमीच्या जीवनचक्रातील सर्वांत दुर्बल कडी ठरते.

ही रचना केवळ मनुष्यापुरती मर्यादित नाही. समुद्रातील देवमासे व डॉल्फिन यांच्या जठरात ‘अॅनिसाकिस’ नावाचे गोलकृमी आढळतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे समुद्रात पडतात, अळ्या सूक्ष्म कवचधारी जीवांच्या शरीरात जातात, ते जीव मासे खातात आणि ते मासे पुन्हा डॉल्फिनच्या पोटात जातात. या कृमींमुळे प्राण्याच्या जठरात व्रण होतात. अन्य जातींचे कृमी फुप्फुसात शिरून श्वसनाचे विकार उत्पन्न करतात. अशा अळ्या असलेला मासा मनुष्याने कच्चा खाल्ल्यास त्यालाही पोटाचा विकार जडतो. समुद्रातील या साखळीत हस्तक्षेप करणे मनुष्याला जवळजवळ अशक्य आहे. गावाच्या पाणवठ्यावर मात्र ती साखळी तोडता येते. नारूच्या निर्मूलनाने नेमके हेच सिद्ध केले.

नारू : पाण्यातून येणारा, पाण्याकडे नेणारा रोग

नारूच्या बाबतीत मध्यस्थ यजमान आहे ‘सायक्लॉप्स’ हा गोड्या व साचलेल्या पाण्यातील अतिसूक्ष्म कवचधारी जीव. रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी फेडचेन्को यांनी १८७० च्या सुमारास त्याची भूमिका उघडकीस आणली. नारूच्या अळ्या गिळलेला सायक्लॉप्स पिण्याच्या पाण्यातून पोटात गेला की अळ्या मोकळ्या होतात व शरीराच्या ऊतींमध्ये वाढू लागतात. सुमारे वर्षभर रुग्णाला कसलीही जाणीव होत नाही. त्यानंतर ६० ते १०० सेंटिमीटर लांबीची मादी, बहुधा पायाच्या त्वचेखाली येऊन फोड निर्माण करते. त्या फोडाची आग असह्य असते. ती शमविण्यासाठी रुग्ण पाय पाण्यात बुडवितो आणि त्याच क्षणी मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. त्या अळ्या सायक्लॉप्स गिळतो आणि साखळी पूर्ण होते.

पायऱ्यांची विहीर हे या साखळीचे सर्वांत अनुकूल स्थान होते. राजस्थानातील बावडी काय किंवा महाराष्ट्रातील बारव काय, पाण्यापर्यंत चालत उतरण्याची सोय हेच त्यांच्या रचनेचे वैशिष्ट्य. अवर्षणप्रवण प्रदेशात खाली जाणाऱ्या जलपातळीचा पाठलाग करण्यासाठी आपल्या पूर्वजांनी शोधलेला तो उत्तम उपाय होता. परंतु पाण्यात पाय ठेवून घागर भरणारी व्यक्ती नारूची रुग्ण असेल, तर त्या पाणवठ्यावरील संपूर्ण गाव पुढील वर्षी आजारी पडण्याची शक्यता निर्माण होत असे. जयपूरच्या राजा पार्कसारख्या नागरी वसाहतीत नळाने पाणी मिळणाऱ्या कुटुंबाला हा धोका नव्हता. त्याच राज्यातील वाळवंटी ढाणीत नाडीच्या म्हणजे तळ्याच्या पाण्यावर जगणाऱ्या कुटुंबाला तो दरवर्षी होता. नारू हा पाणीपुरवठ्यातील विषमतेचा रोग होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

नारूवर लस नाही, कृमीला शरीरात मारणारे औषध नाही, आणि एकदा नारू होऊन गेल्याने प्रतिकारशक्तीही येत नाही. बाहेर आलेला कृमी काडीभोवती गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढणे, हाच शतकानुशतके चालत आलेला उपचार. ओढताना कृमी तुटल्यास जखम चिघळत असे. रुग्ण क्वचितच दगावे, परंतु कित्येक आठवडे अंथरुणाला खिळून राही. आणि कृमी बाहेर येण्याचा काळ अनेक ठिकाणी नेमका शेतीच्या कामांचा असे. आफ्रिकेतील माली देशात या रोगाला ‘रिकाम्या कोठाराचा रोग’ म्हटले जाते, त्यामागील कारण हेच.

राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ ते १९९० हे ‘आंतरराष्ट्रीय पेयजल व स्वच्छता दशक’ म्हणून जाहीर केले. केवळ पिण्याच्या पाण्यातूनच पसरणारा रोग म्हणून नारूचे निर्मूलन हा या दशकाच्या यशाचा एक मापदंड मानला गेला. भारताने १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. त्याच्या समन्वयाची जबाबदारी दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेकडे होती; हीच संस्था २००९ पासून ‘राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र’ म्हणून ओळखली जाते. कार्यक्रमाच्या प्रारंभी सात राज्यांतील ८९ जिल्ह्यांत, १२,८४० गावांमध्ये सुमारे ४० हजार रुग्ण होते. महाराष्ट्र हे त्या सात राज्यांपैकी एक होते.

कार्यक्रमाची साधने साधी होती. पायऱ्यांच्या विहिरी बुजविणे, किंवा कठडा बांधून त्यांचे रूपांतर दोराने पाणी शेंदण्याच्या विहिरींत करणे. विंधण विहिरी घेऊन हातपंप बसविणे. पाणी दुहेरी कापडातून वा बारीक जाळीतून गाळून घेण्याचा प्रसार करणे. पाणवठ्यात ‘टेमेफॉस’ हे रसायन ठरावीक प्रमाणात टाकून सायक्लॉप्स मारणे. घरोघर शोध घेऊन रुग्णांची नोंद करणे आणि फोड फुटलेल्या रुग्णाला पाणवठ्यापासून दूर ठेवणे. दक्षिण राजस्थानातील बांसवाडा, डुंगरपूर व उदयपूर या आदिवासीबहुल जिल्ह्यांत युनिसेफ व स्वीडनची विकास संस्था ‘सिडा’ यांच्या साह्याने ‘स्वच्छ’ प्रकल्प राबविण्यात आला. ग्रामीण महिलांना हातपंप दुरुस्तीचे प्रशिक्षण देणे, हा त्यातील लक्षणीय भाग होता. पाणी भरण्याचे कष्ट ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांच्याच हाती पंप चालू ठेवण्याचे कौशल्य देणे, हा निर्णय सामाजिक दृष्ट्या जितका योग्य, तितकाच व्यवस्थापनाच्या दृष्टीनेही शहाणपणाचा होता.

अर्थशास्त्रीय विवेचन

नारूच्या उदाहरणातून सार्वजनिक अर्थशास्त्रातील काही मूलभूत संकल्पना स्पष्ट होतात.

पहिली संकल्पना बाह्य परिणामांची. पाय पाण्यात बुडविल्याने रुग्णाला तात्काळ आराम मिळतो. त्याचा खर्च मात्र वर्षभरानंतर इतरांना भोगावा लागतो. खाजगी लाभ आणि सामाजिक खर्च यांतील ही तफावत बाजारव्यवस्था आपोआप दूर करू शकत नाही. म्हणून रुग्णाचा शोध, त्याची शुश्रूषा आणि त्याला पाणवठ्यापासून दूर ठेवणे, हे शासनाचे कर्तव्य ठरते. कार्यक्रमाच्या अखेरच्या टप्प्यात रुग्णाची खबर देणाऱ्यास रोख पारितोषिक जाहीर करण्यात आले, ते याच विचाराने. जी माहिती लपविण्याकडे कल असतो, ती उघड करण्यास त्यामुळे प्रोत्साहन मिळाले.

दुसरी संकल्पना गुंतवणुकीवरील परताव्याची. १९८० च्या दशकात नायजेरियाच्या आग्नेय भागातील भातउत्पादक प्रदेशात नारूमुळे दरवर्षी सुमारे दोन कोटी डॉलरचे नुकसान होत असल्याचा अंदाज युनिसेफच्या साह्याने झालेल्या अभ्यासात वर्तविण्यात आला. जागतिक बँकेच्या १९९७ मधील एका अभ्यासाने, प्रत्येक रुग्णाचे सरासरी पाच आठवडे श्रम वाया जातात असे गृहीत धरून, नारू निर्मूलनावरील आर्थिक परतावा दर वार्षिक २९ टक्के काढला. अनेक मोठ्या पायाभूत प्रकल्पांनाही हा दर हेवा वाटावा असा आहे.

तिसरी संकल्पना सीमांत खर्चाची. रुग्ण हजारोंच्या संख्येने असताना एक रुग्ण टाळण्याचा खर्च अल्प असतो. रुग्णसंख्या दोन-चारवर आल्यावर त्याच शोधयंत्रणेचा प्रतिरुग्ण खर्च प्रचंड दिसू लागतो आणि ‘एवढ्यासाठी एवढा खर्च कशाला?’ असा प्रश्न उपस्थित होतो. पण निर्मूलनाचा लाभ त्या वर्षापुरता नसून पुढील सर्व पिढ्यांचा असतो. शेवटच्या रुग्णावरील खर्च हा वस्तुतः भविष्यातील सर्व संभाव्य रुग्णांवरील खर्च असतो. भारताने १९९६ नंतरही तीन वर्षे शोधमोहिमा चालू ठेवल्या, म्हणूनच २००० मधील प्रमाणपत्र शक्य झाले.

मातीतून येणारे कृमी

नारू गेला, तरी मातीतून संक्रमित होणारे कृमी राहिले. यांत प्रामुख्याने तिघांचा समावेश होतो : गोलकृमी म्हणजे आपण ज्यास सामान्यतः जंत म्हणतो तो, चाबूककृमी आणि अंकुशकृमी. गोलकृमीची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालू शकते. उघड्यावरील शौचामुळे ती अंडी मातीत मिसळतात आणि न धुतलेले हात, भाजीपाला वा दूषित पाणी यांवाटे पोटात जातात. अंकुशकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात. आतड्याला चिकटून ते रक्त शोषतात. कृमींची संख्या मोठी असल्यास रक्तक्षय होतो. मुलांची वाढ खुंटणे, थकवा, अभ्यासातील लक्ष उडणे आणि गरोदर स्त्रियांमधील रक्तक्षय तीव्र होणे, हे त्याचे परिणाम होत. नारूप्रमाणे येथे पायातून बाहेर येणारा कृमी दिसत नाही. मूल फक्त फिकट दिसते. रोग अदृश्य असल्याने त्याची मागणी निर्माण होत नाही आणि मागणी नसल्याने तो धोरणकर्त्यांच्याही नजरेआड राहतो.

जगात सुमारे १५० कोटी लोकांना या कृमींची लागण असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात १ ते १४ वयोगटातील सुमारे २४ कोटी मुलांना त्यांचा धोका असल्याचे या संघटनेने नमूद केले होते. या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. शाळा व अंगणवाड्यांमधून १ ते १९ वयोगटातील सर्व मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देण्यात येते. एक ते दोन वर्षे वयाच्या बालकांना २०० मिलिग्रॅम, तर त्यापुढील मुलांना ४०० मिलिग्रॅम ही मात्रा आहे. महाराष्ट्रासह अकरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत झालेल्या पहिल्या फेरीत सुमारे ८.९ कोटी मुलांना, म्हणजे उद्दिष्टाच्या ८५ टक्के मुलांना, गोळी मिळाली. प्रत्येक मुलाची विष्ठातपासणी करण्याचा खर्च गोळीच्या किमतीहून कितीतरी अधिक असल्याने सरसकट गोळी देण्याचे हे धोरण स्वीकारले गेले.

गोळीचा लाभ किती?

या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञ व वैद्यकतज्ज्ञ यांच्यात बराच वाद झाला आहे. एडवर्ड मिगेल व मायकेल क्रेमर यांनी केनियातील ७५ शाळांच्या अभ्यासावरून २००४ मध्ये असे दाखवून दिले, की जंतनाशक औषधाने शाळेतील गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. इतकेच नव्हे, तर औषध न घेतलेल्या मुलांनाही संसर्ग घटल्याचा लाभ झाला. परीक्षेतील गुणांत मात्र सुधारणा आढळली नाही. क्रेमर यांना पुढे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१५ मध्ये या अभ्यासाच्या पुनर्विश्लेषणाने त्यातील काही निष्कर्षांवर प्रश्नचिन्ह उमटविले. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेनेही सरसकट औषधवाटपाचा सरासरी वजन वा हिमोग्लोबिन यांवर फारसा परिणाम दिसत नसल्याचे नमूद केले. दुसरीकडे, केनियातील त्याच मुलांचा वीस वर्षे मागोवा घेणाऱ्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बालपणी अधिक काळ औषध मिळालेल्यांचे तासाचे उत्पन्न सुमारे १३ टक्के अधिक आढळले.

या मतभिन्नतेचा अर्थ ‘गोळी निरुपयोगी’ असा काढणे चुकीचे होईल. ज्या मुलाला कृमी आहेत, त्याला औषधाचा लाभ होतो, यावर दुमत नाही. वाद आहे तो संपूर्ण लोकसंख्येवरील सरासरी परिणामाविषयी. आणि ती सरासरी त्या भागात कृमींचा प्रादुर्भाव किती तीव्र आहे, यावर अवलंबून असते.

राज्यांचे आकडे काय सांगतात?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केलेले पुनर्सर्वेक्षणाचे आकडे या संदर्भात उद्बोधक आहेत. राजस्थानात २०१३ मध्ये २१.१ टक्के असलेला प्रादुर्भाव २०१९ मध्ये १ टक्क्यावर आला. छत्तीसगडमध्ये तो २०१६ मधील ७४.६ टक्क्यांवरून २०१८ मध्ये १३.९ टक्के झाला. सिक्कीममध्ये २०१५ ते २०१९ या काळात तो ८०.४ वरून ५०.९ टक्क्यांवर उतरला. आंध्र प्रदेशात मात्र २०१६ मधील ३६ टक्क्यांच्या तुलनेत २०१९ मध्ये तो ३४.३ टक्केच होता.

कार्यक्रम तोच, औषध तेच. परिणाम मात्र भिन्न. कृमींची अंडी व अळ्या उष्ण, दमट व सावलीच्या मातीत टिकतात. राजस्थानच्या शुष्क मातीत त्यांना फारसा थारा मिळत नाही. जेथे माती अनुकूल आहे, तेथे गोळीने मुलाचे पोट स्वच्छ झाले, तरी अंगणातील अंडी तशीच राहतात आणि काही महिन्यांत पुन्हा लागण होते. अल्बेंडाझोल शरीरातील कृमीला मारते. मातीतील अंड्यांवर त्याची मात्रा चालत नाही. अशा परिस्थितीत गोळी हा दरवर्षी भरावयाचा हप्ता ठरतो, तर शौचालय आणि शुद्ध पाणी ही मुद्दल फेडणारी गुंतवणूक ठरते.

नियंत्रण, दुरीकरण आणि निर्मूलन

स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी या तीन संज्ञांमधील भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. रोगाचे प्रमाण सुसह्य पातळीपर्यंत खाली आणणे म्हणजे ‘नियंत्रण’. मातीतील कृमींबाबत आज आपण या पायरीवर आहोत. विशिष्ट प्रदेशातून रोग हटविणे, किंवा सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून तो शिल्लक न ठेवणे, म्हणजे ‘दुरीकरण’. डासांमार्फत पसरणाऱ्या सूक्ष्म कृमींमुळे होणाऱ्या हत्तीरोगाबाबत भारताने २०२७ पर्यंत हे उद्दिष्ट ठेवले आहे. संपूर्ण जगातून रोग कायमचा नाहीसा होणे म्हणजे ‘निर्मूलन’. मानवी रोगांपैकी हा मान आजवर केवळ देवी या रोगाच्या समाप्तीला मिळाला आहे. १९८० मध्ये त्याची अधिकृत घोषणा झाली. या काटेकोर अर्थाने नारू भारतातून दूर झाला असला, तरी जगातून अद्याप निर्मूल झालेला नाही.

१९८६ मध्ये जगात नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये १४, तर २०२४ मध्ये १५ रुग्णांची नोंद झाली. ही घट अभूतपूर्व असली, तरी चाड या आफ्रिकी देशात २०१२ पासून कुत्र्यांमध्ये नारूचा संसर्ग आढळू लागल्याने शेवटचे पाऊल अवघड झाले आहे. मनुष्य, पशू आणि पर्यावरण यांचे आरोग्य अविभाज्य मानणाऱ्या ‘एक आरोग्य’ या संकल्पनेचे महत्त्व येथे प्रत्ययास येते. निर्मूलनाचे जागतिक लक्ष्य आता २०३० हे आहे.

समारोप

नारूच्या बाबतीत भारतापुढे पर्यायच नव्हता. औषध नसल्यामुळे पाणवठा सुधारावाच लागला, आणि पाणवठा सुधारल्यामुळे रोग मुळापासून गेला. जंतांच्या बाबतीत औषध हाताशी असल्याने, गोळी वाटली म्हणजे काम संपले, असे समाधान मानण्याचा मोह होऊ शकतो. गोळ्यांचे आकडे मोजणे सोपे असते. स्वच्छ झालेली माती मोजणे अवघड असते. परंतु रोगाची साखळी तुटते ती मातीत आणि पाण्यातच.

या दिशेने आवश्यक ते कार्यक्रम आज अस्तित्वात आहेत. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाने शौचालयबांधणीला गती दिली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनच्या प्रारंभी ग्रामीण भागातील केवळ ३.२३ कोटी, म्हणजे सुमारे १७ टक्के घरांत नळजोडणी होती. २०२५ च्या प्रारंभापर्यंत ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली आणि २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या मिशनला २०२८ पर्यंत मुदतवाढ जाहीर झाली. तथापि, नळ बसविणे व नळाला नियमित शुद्ध पाणी येणे, तसेच शौचालय बांधणे व ते वापरात असणे, यांत अंतर असते. बंद पडलेला हातपंप गावाला पुन्हा नाडीकडे नेतो, हे जाणूनच दक्षिण राजस्थानातील महिलांच्या हाती पाने देण्यात आले होते. देखभालीची तरतूद, ग्रामपंचायतीची जबाबदारी आणि कुटुंबाच्या सवयी यांची जोड मिळाल्यासच ही गुंतवणूक फलदायी ठरेल.

जंतनाशक दिनाची गोळी आजच्या मुलाला हवी आहे व ती मिळालीच पाहिजे. परंतु त्याच गावातील पुढच्या पिढीला त्या गोळीची गरजच पडू नये, हे धोरणाचे अंतिम उद्दिष्ट असले पाहिजे. नारूच्या काळी हातात काडीखेरीज काही नसताना हे साध्य झाले; आज साधने कितीतरी अधिक आहेत.